गोव्यातून मिलिटरी नर्सिंगकडे: बारावीपासून लेफ्टनंटच्या ताऱ्यांपर्यंत

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, म्हणजे एमएनएस, ही अधिकाऱ्यांची सेवा आहे. इथे परिचारिका पहिल्याच दिवशी लेफ्टनंट म्हणून रुजू होते आणि पदांची शिडी वर मेजर जनरलपर्यंत जाते. २८ मार्च १८८८ रोजी ब्रिटिश परिचारिकांची पहिली तुकडी मुंबईत उतरली, तिथून या सेवेची कहाणी सुरू होते. १ ऑक्टोबर १९२६ ला ती कायमस्वरूपी सेवा झाली, म्हणून १ ऑक्टोबर हा स्थापनादिन. १९४३ च्या अध्यादेशाने परिचारिकांना कमिशन, म्हणजे अधिकारीपद मिळालं. वास्कोला नौदलाचं रुग्णालय आयएनएचएस जीवंती आहे, पणजीत मिलिटरी हॉस्पिटल आहे, पोळे इथली गोव्याची हद्द ओलांडली की कारवारला आयएनएचएस पतंजली. तरीही आपल्याकडे बारावी सायन्सच्या मुलीपुढे ही वाट कुणी फारशी मांडत नाही. मांडली तरी निकालानंतर, आणि तोवर अर्ध्या गोष्टी हातातून गेलेल्या असतात.

आत जायला दोन दारं आहेत. पहिलं बारावीनंतरचं: सैन्याच्याच नर्सिंग कॉलेजात चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग करायचं आणि तिथूनच कमिशन घ्यायचं. दुसरं पदवीनंतरचं: बाहेरच्या मान्यताप्राप्त कॉलेजातून बी.एस्सी. नर्सिंग करून शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी, म्हणजे ठरावीक वर्षांच्या अधिकारीपदासाठी, अर्ज करायचा. पहिलं दार एकदाच उघडतं असं समजून तयारी करा, पण दुसरं उघडं आहे हे लक्षात ठेवून निर्णय घ्या. दोन्ही दारं फक्त मुलींसाठी आहेत. मुलांसाठीच्या वाटा शेवटी दिल्या आहेत.

अकरावीतच तपासायच्या गोष्टी

पहिल्या दारासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत आणि एकूण किमान ५० टक्के गुण हवेत. गोवा बोर्डात सायन्सला बायोलॉजीऐवजी जिऑलॉजी किंवा कॉम्प्युटर सायन्स घेता येतं. तसं केलं तर हे दार तिथेच बंद होतं. मॅथ्सची अट नाही.

अटीतले दोन शब्द पुष्कळांच्या नजरेतून सुटतात: ‘पहिल्या प्रयत्नात’ आणि ‘नियमित विद्यार्थिनी’. एका विषयात राहून पुरवणी परीक्षेत सुटलात तर टक्केवारी कितीही चांगली असो, अर्ज टिकत नाही. बाहेरून बसून बारावी केली असेल तरी तेच. म्हणून नीटच्या क्लासच्या नादात बोर्डाच्या फिजिक्सकडे दुर्लक्ष करू नका. नीटमध्ये बायोलॉजी तारून नेईल, पण बोर्डात प्रत्येक विषय स्वतंत्रपणे सुटावा लागतो.

वय साधारण १७ ते २५. २०२५ च्या प्रवेशासाठी जन्मतारीख १ ऑक्टोबर २००० ते ३० सप्टेंबर २००८ या काळातली हवी होती. दरवर्षी हा पट्टा एक वर्ष पुढे सरकतो. अर्जदार अविवाहित असावी लागते. घटस्फोटित, कायदेशीर विभक्त किंवा विधवा असेल तर मागे जबाबदारी नसावी, अशी अट असते.

उंची १५२ सेंटिमीटर. घरच्या दारावर पेन्सिलने खूण करून मोजलेली उंची धरू नका. आरोग्य केंद्रात अनवाणी, टाचा भिंतीला लावून मोजून घ्या. १५१ भरली तर ते अकरावीतच कळलेलं बरं, कारण मग सगळी ताकद साध्या नर्सिंग प्रवेशावर लावता येते.

कागद: गोव्याच्या दोन खास अडचणी

एक, नावं. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, दहावीच्या गुणपत्रिकेवर तिसरं हे आपल्याकडे घरोघरी दिसतं. कुठे ‘गांवस’, कुठे ‘गावस’. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे नाहीच. सैन्याच्या छाननीत दहावीचं प्रमाणपत्र आधार मानलं जातं, म्हणून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. आधारची दुरुस्ती सोपी असते. जन्मदाखल्याची दुरुस्ती किंवा १९९० च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखालची प्रक्रिया मात्र वेळ खाते. ती अकरावीच्या सुट्टीत सुरू करा. बारावीच्या जूनमध्ये ती उरकत नाही.

दोन, पोर्तुगीज नोंदणी. आजोबा १९६१ पूर्वी गोव्यात जन्मले म्हणून घरात लिस्बनला जन्मनोंद करण्याचं चाललं असेल, तर मुलीचं नाव त्यात घालण्याआधी थांबा. एमएनएससाठी भारतीय नागरिकत्व लागतं, आणि आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. दोन्ही दोर हातात ठेवता येत नाहीत, हे घरात बसून स्पष्ट बोला. एजंटाच्या सांगण्यावर हा निर्णय घेऊ नका.

एमएनएसची निवड अखिल भारतीय गुणवत्तेवर होते, तिला गोव्याचा रहिवासी दाखला लागत नाही. तरी तो मामलेदार कचेरीतून काढून ठेवाच. पुढे बांबोळीच्या सरकारी नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाला तो लागेल.

नीट

सैन्याच्या नर्सिंग कॉलेजांसाठी २०२२ पासून नीट-यूजी परीक्षा सक्तीची आहे. १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. बायोलॉजीचे ९० प्रश्न म्हणजे ३६० गुण, निम्मा पेपर. नीट मराठीतूनही देता येते, पण गोव्यात पाचवीपासून माध्यम इंग्रजी होतं. तुम्ही ‘फोटोसिंथेसिस’ शिकलात, ‘प्रकाशसंश्लेषण’ नाही, त्यामुळे घरची भाषा मराठी असली तरी पेपर इंग्रजीतच घ्या.

नर्सिंग हेच लक्ष्य असेल तर एनसीईआरटीची बायोलॉजी ओळ न ओळ, आकृत्यांखालच्या मजकुरासकट तीन वेळा वाचून काढा. केमिस्ट्रीत इनऑर्गॅनिक आणि ऑर्गॅनिकची पाठ होणारी प्रकरणं आधी. फिजिक्स सगळं येणार नसेल तर मॉडर्न फिजिक्स, सेमीकंडक्टर, करंट इलेक्ट्रिसिटी, थर्मोडायनॅमिक्स अशी थोडी प्रकरणं पक्की करा.

अंदाजाने उत्तर मारण्याचं गणित करून पाहा. बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १. काहीच माहीत नसलेले २० प्रश्न ठोकले तर सरासरीने ५ बरोबर येतात: २० मिळाले, १५ गेले, हाती ५. पण चारांपैकी दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तर त्याच २० प्रश्नांत १० बरोबर येतात आणि हाती ३० उरतात. तेव्हा नियम साधा: दोन पर्याय खोडता आले तर मारा, नाहीतर सोडा.

नुसती नीट देऊन भागत नाही, तीत पात्र ठरावं लागतं. आणि इथे एक जबर गैरसमज आहे. एएफएमसी पुणे, म्हणजे सैन्याचं वैद्यकीय महाविद्यालय, तिथलं एमबीबीएस आणि तिथलं नर्सिंग यांची प्रक्रिया वेगळी आहे. एमबीबीएससाठी वैद्यकीय समुपदेशन समितीकडे नोंदणी होते. नर्सिंगचा अर्ज सैन्याच्या ‘जॉइन इंडियन आर्मी’ संकेतस्थळावर स्वतंत्रपणे भरायचा असतो. नीटच्या फॉर्ममध्ये काही निवडल्याने तो आपोआप भरला जात नाही. चांगले गुण असूनही हा दुसरा अर्ज न भरल्याने वर्ष वाया गेलेल्या मुली असतात.

सैन्याचा अर्ज आणि पुढची निवड

जागा एकूण २२०: एएफएमसी पुणे ४०, मुंबई कुलाब्याचं आयएनएचएस अश्विनी ४०, लखनौचं कमांड हॉस्पिटल ४०, बंगळूरचं वायुसेना कमांड हॉस्पिटल ४०, दिल्लीचं आर्मी हॉस्पिटल (रिसर्च अँड रेफरल) ३०, कोलकात्याचं कमांड हॉस्पिटल ३०.

पसंतीक्रम भरताना ‘फक्त पुणे-मुंबई’ असा हट्ट धरू नका. पुण्याला गोवा एक्स्प्रेस आहे आणि मुंबईला कोकण रेल्वे, हे खरं. पण २२० पैकी ८० जागांवर स्वतःला बांधून घेण्यात शहाणपण नाही. पुढे नेमणूक लेह किंवा तेजपूरला होऊ शकते. लखनौची चार वर्षं जड वाटत असतील तर ही सेवाच जड जाईल.

नीटच्या गुणांवर छाननी होते आणि निवडलेल्या मुलींना पुढच्या टप्प्याला बोलावतात: सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची संगणकावरची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. इंग्रजीत व्याकरण, समानार्थी शब्द, वाक्यातली चूक शोधणं असं येतं. रोज वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचणं हीच त्याची सर्वांत स्वस्त तयारी, आणि मुलाखतीलाही ती उपयोगी पडते.

हे सगळं पावसाळ्यात आणि चवथीच्या सुमारास येतं. तेव्हा कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर असते आणि चवथीची तिकिटं महिनोन्‌महिने आधी संपलेली असतात. बोलावण्याची शक्यता दिसली की दोन-तीन तारखांची तिकिटं काढून ठेवा. नको असलेली रद्द करताना थोडे पैसे जातील, ते जाऊ द्या. सत्तरी-सांग्याच्या आतल्या गावांत पावसात मोबाइलची रेंज जाते. बोलावणं ईमेलवर येतं, म्हणून रोज एकदा रेंज असेल तिथे जाऊन ईमेल पाहा, स्पॅमसुद्धा.

मुलाखतीत ‘देशसेवा करायची आहे’ एवढ्यावर थांबलात तर पुढचा प्रश्न येतोच: देशसेवा तर शिक्षिकाही करते, नर्सिंगच का? याचं उत्तर तुमचं स्वतःचं हवं, पाठ केलेलं नव्हे. डॉक्टर होता आलं नाही म्हणून नर्सिंग, असा सूर चुकूनही लावू नका. मंडळ तो लगेच ओळखतं, आणि या कामावर तो अन्यायही आहे. गोव्याची म्हणून काही विचारतील: १९ डिसेंबर १९६१, ऑपरेशन विजय, दाबोळीचा नौदलाचा हवाई तळ आयएनएस हंसा. आणि रात्रपाळी, रक्त, मृत्यू यांबद्दल विचारतील. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणणं चालतं.

वैद्यकीय तपासणी

इथे बाद होण्याची बरीच कारणं सहा महिने आधी सुधारता येण्याजोगी असतात.

हिमोग्लोबिन पहिलं. मुलींमध्ये १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. डिसेंबर-जानेवारीत एकदा तपासा. कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या तीन-चार महिने घ्याव्या लागतात, आठवड्यात काही होत नाही. आहारात तांबडी भाजी, नाचणी, कुळीथ, अळसांदे असू द्या आणि सोबत लिंबू किंवा आवळा. आंबटातलं ‘क’ जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. जेवणाबरोबरचा चहा उलट काम करतो, तो तासभर पुढे ढकला.

कानातला मळ: मळामुळे पडदा दिसला नाही की तपासणी अडते. आठवडाभर आधी कानाच्या डॉक्टरांकडून काढून घ्या. इअरबड घालू नका, मळ आत ढकलला जातो. दात: किडलेले भरून घ्या, स्केलिंग करा. किडके, पडलेले दात धरून दातांचे गुण मोजले जातात. वजन: उंचीच्या मानाने जास्त असेल तर रोज ४० मिनिटं भरभर चालणं आणि रात्रीचा भात निम्मा करणं, एवढ्याने पाच-सहा महिन्यांत फरक दिसतो. तपासणीच्या आदल्या आठवड्यात उपाशी राहून वजन उतरवू नका. चक्कर आणि कमी रक्तदाब घेऊन मंडळापुढे उभं राहाल.

टॅटू: कळंगुट-बागाला मैत्रिणींबरोबर हौस म्हणून दंडावर किंवा मानेवर काढलेला टॅटू अडचणीचा ठरतो. सैन्याच्या धोरणात कायमचा टॅटू हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळव्याच्या मागच्या बाजूला एवढाच चालतो. निकाल लागेपर्यंत सुईपासून लांब राहा. चष्म्याचा नंबर घालवायला अठराव्या वर्षी लेसरची घाई करू नका. त्या वयात नंबर अजून स्थिर नसतो.

पोटाची सोनोग्राफी होते. पाळी अनियमित असेल किंवा पीसीओडीची शंका असेल तर आधीच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. लाजेपोटी लपवून ठेवलेली गोष्ट तिथे कळतेच.

अपात्र ठरवलं तर कारण लिहिलेला कागद मिळतो. अपील करायचं असेल तर त्यावरची मुदत पाहा. दुरुस्त होणारं कारण असेल तरच अपिलात अर्थ आहे. बसमध्ये रडत परतण्याआधी तो कागद शांतपणे वाचा.

बांबोळीची जागा सोडायची का?

नाही. सैन्याचं पत्र हाती येईपर्यंत नाही. गोव्यातले नर्सिंगचे प्रवेश पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत होतात आणि सरकारी इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन बांबोळीलाच, गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या परिसरात आहे. दोन्ही प्रक्रिया समांतर चालवा आणि जागा मिळाली तर घ्या. गुंता मूळ कागदांचा होतो. ते कॉलेजात जमा असतात आणि सैन्याच्या मुलाखतीला मूळच लागतात. म्हणून प्रवेश घेतानाच कार्यालयात सांगून ठेवा, कागद तात्पुरते परत घेण्याचा अर्ज कसा द्यायचा आणि प्रवेश रद्द केला तर शुल्क कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतं ते विचारून घ्या. सगळ्या कागदांच्या साक्षांकित प्रतींचे तीन संच घरी ठेवा.

आतली चार वर्षं

राहणं-जेवण सैन्याकडून, गणवेशाचा भत्ता आणि दरमहा विद्यावेतन. बदल्यात सेवेचा बाँड लिहून द्यावा लागतो, आणि मधेच सोडलं तर खर्च वसूल होतो. पालकांनी सही करण्याआधी बाँड शब्दन्‌शब्द वाचावा. अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेचाच असतो, २०२१ पासून आठ सत्रांचा. फरक दिवसाच्या आखणीचा: पहाटे उठणं, कवायत, वॉर्ड, वर्ग, रात्रीची हजेरी. पहिले तीन महिने सर्वांत कठीण जातात ते अभ्यासामुळे नव्हे, झोपेमुळे. शिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर पालकांसाठी: नोकरी लागल्यावर लग्न केलं म्हणून काढून टाकतात, ही भीती जुन्या नियमामुळे आहे. तो १९७७ चा नियम १९९५ मध्ये मागे घेतला गेला. १९८८ मध्ये त्याच नियमाखाली सेवामुक्त केलेल्या लेफ्टनंट सेलिना जॉन यांना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि तो नियम मनमानी ठरवला.

लेफ्टनंटचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५६,१०० रुपये, शिवाय १०,८०० रुपये सैन्यसेवा वेतन. भत्ते वेगळे.

दुसरं दार

बांबोळीला किंवा इतर मान्यताप्राप्त कॉलेजात शिकत असाल तर शॉर्ट सर्व्हिस कमिशन तुमच्यासाठी आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याची संगणकावरची परीक्षा नीट घेणाऱ्या एनटीए या संस्थेनेच घेतली होती: नर्सिंगचे विषय, इंग्रजी, सामान्य बुद्धिमत्ता. वय २१ ते ३५, पदवी बी.एस्सी., पोस्ट बेसिक बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. नर्सिंग. नुसती जीएनएम ही नर्सिंगची पदविका चालत नाही, त्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करावं लागतं. जाहिरात ठरलेल्या महिन्यात येत नाही, म्हणून महिन्यातून एकदा सैन्याचं संकेतस्थळ पाहण्याची सवय लावा.

इथे घात करतो तो नोंदणीचा कागद. नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका असल्याचं प्रमाणपत्र अर्जाच्या मुदतीआधीचं लागतं. विद्यापीठाचा निकाल लागला की पदवीदान समारंभाची वाट पाहू नका. तात्पुरतं प्रमाणपत्र घेऊन त्याच आठवड्यात राज्य परिषदेकडे नोंदणीचा अर्ज टाका.

आणि चार वर्षं वाया घालवू नका. गोमेकॉचा अपघात विभाग, अतिदक्षता, मनोरुग्णालय, मडगाव-म्हापशाची जिल्हा रुग्णालयं, मांडूरचं ग्रामीण केंद्र: एवढी विविधता फार थोड्या राज्यांत एका तासाच्या अंतरात मिळते. आयव्ही लावणं, इसीजी वाचणं, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची काळजी, मोठ्या अपघातात कुणाला आधी बघायचं याचा क्रम. फील्ड हॉस्पिटलमध्ये हेच लागतं. लॉगबुक सही पुरतं भरू नका. प्रक्रिया किती वेळा स्वतः केली आणि किती वेळा नुसती पाहिली, हे वेगळं लिहा. मुलाखतीत या दोहोंतला फरक विचारला जातो.

मुलांसाठी, आणि एम.एस्सी.बद्दल

एमएनएस मुलांना बंद आहे. भूदलात नर्सिंग असिस्टंट, नौदल आणि वायुसेनेत मेडिकल असिस्टंट या वाटा बारावी सायन्सनंतर आहेत, पण ती जवानांची पदं आहेत. नर्सिंगची पदविका किंवा पदवी झालेल्या मुलांनी बीएसएफसारख्या दलांतली सब-इन्स्पेक्टर (स्टाफ नर्स) ही पदं आणि एम्सची नॉरसेट ही नर्सिंग भरतीची परीक्षा पाहावी.

एम.एस्सी. नर्सिंगसाठी बी.एस्सी.ला ५५ टक्के आणि त्यानंतर एक वर्षाचा अनुभव लागतो, मग दोन वर्षांचा अभ्यासक्रम. सैन्यात जायचं पक्कं असेल तर आधी कमिशन घ्या. सेवेतल्या अधिकाऱ्यांना अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह अशा विशेष शाखांचं प्रशिक्षण आणि पुढचं शिक्षण घेण्याची संधी असते. शिकवण्याची ओढ जास्त असेल तर मात्र एम.एस्सी. आधी केलेली बरी. ३५ ची वयोमर्यादा त्यात आडवी येणार नाही ना, एवढं बोटांवर मोजून घ्या.